वडिवळ्याचा अजबखाना

वडिवळ्याचा हौशीराम लोणावळा स्टेशनात सांधेवाला होता. म्हणजे काय, तर गाडी कुठल्या रुळावरून जायची त्याचा दांडा ओढायचा. ठरवणारा साहेब वेगळा, ओढणारा हौशीराम. काम चोख, कोट निळा, मिशा भरघोस आणि डोक्यात एकच खूळ. त्या खुळावरून त्याच्या बायकोनं, मुक्ताबाईनं, जन्मभर त्याला बोल लावले आणि जन्मभर त्याच खुळापायी त्याच्याबरोबर मुलूख हिंडली.

खूळ शिरलं भायखळ्याला. रेल्वेत लागला त्या साली डोळे तपासायला त्याला मुंबईला धाडलं होतं. लोकरीच्या रंगीत गुंड्या पुढ्यात टाकायच्या आणि लाल कुठली, हिरवी कुठली ते विचारायचं, एवढीच परीक्षा. ती झटक्यात उरकली. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून चौघांबरोबर तोही राणीच्या बागेत गेला. वाघ बघितला, माकडं बघितली. मग लोक एका मोठ्या इमारतीत शिरत होते तिथं हाही शिरला. आत बघतो तर काचेची कपाटं, आणि एका कपाटात वीतभर मातीचा शेतकरी, त्याच्या हातात वीतभर नांगर आणि पुढं दोन मातीचे बैल.

हौशीराम तिथंच खिळला. अस्साच नांगर त्याच्या घरी होता. होता म्हणजे, गोठ्याच्या कडेला पावसात कुजत पडला होता. बाप गेल्यावर जमीन थोरल्या भावानं कसायला घेतली आणि बैलजोडी हौशीरामाच्या वाट्याला आली. लोणावळ्याच्या चाळीत बैल बांधणार कुठं? नोकरी लागल्याबरोबर त्यानं जोडी विकून टाकली होती. विकताना डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आत्ता आलं. पगडीवाले काय, टोपीवाले काय, सगळे काचेला नाक लावून त्याच नांगराकडं बघत होते. हौशीरामानं वहाणा काढून हातात घेतल्या आणि कपाटाला नमस्कार केला. पहारेकरी हसला. हसेना का.

घरी आल्यावर त्यानं मुक्ताबाईला सांगितलं, "अगं, आपला नांगर काचंत ठेवलाय. देवावानी."

"आन बैल?"

"बैलबी हायेत. मातीचे."

"मातीचे तर आपल्याकडंबी हायेत की," मुक्ताबाई म्हणाली, आणि तेही खरंच होतं. ज्याच्या दावणीला बैल नाहीत त्यानं पोळ्याला मातीचे बैल पुजायचे, ही चाल. तेव्हापासून दर पोळ्याला चाळीतल्या कोनाड्यात मुक्ताबाई मातीची जोडी मांडायची, पुरणाचा घास त्यांच्या तोंडाला लावायची, आणि हौशीराम ती जोडी बघून उगाच बाहेर जाऊन उभा राहायचा.

आता रेल्वेच्या माणसाला वर्षाचा फुकट पास. बाकीचे सांधेवाले, खलाशी, गार्ड त्या पासावर तुळजापूर करत, नाशिक करत. हौशीराम चौकशी करायचा ती एकच, की कुठल्या गावाला असला अजबखाना, म्हणजे संग्रहालय, आहे. स्टेशनमास्तरला विचारायचा, पहिल्या वर्गाच्या उतारूंना विचारायचा, एकदा तर पाणी भरायला थांबलेल्या इंजिनाच्या गोऱ्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, आमच्या विलायतेत तर गल्लोगल्ली आहेत.  विलायतेला पास चालत नाही, ह्याचं हौशीरामाला मनापासून वाईट वाटलं.

पण चालत होता तिथं तिथं तो गेला. मुंबई झाली, बडोदं झालं, जयपूर झालं, मद्रास झालं, कलकत्ता झालं. स्टेशनात उतरायचं, धर्मशाळेत बोचकं टाकायचं आणि टांगेवाल्याला म्हणायचं, अजबखाना दाखव. आणि एक गोष्ट ठरलेली. पहिल्यांदा कुणाच्या दारी जायचं तर मावळात कुणी रिकाम्या हातानं जात नाही. मग अजबखान्याच्या दारी तरी कसं जायचं? हौशीराम घरून निघतानाच आंबेमोहोराच्या लोंब्यांची जुडी बांधून घ्यायचा, आणि एक छोटं इरलं. इरलं म्हणजे भातलावणीला बायका डोक्यावरून पाठीवर घेतात ते बांबू-पानांचं छप्पर. हा आपल्या हातानं हातभर लांबीचं, खेळण्यातलं शोभेल असं इरलं विणायचा आणि तिथल्या कारकुनाच्या टेबलावर ठेवून म्हणायचा, आमच्या मावळाकडून. बरेच कारकून ते परत द्यायला बघत. काही ठेवूनही घेत. एकानं मात्र लोंब्यांतला एक दाणा दाताखाली फोडून बघितला आणि वास घेऊन डोळे मिटले. त्या कारकुनाचं कौतुक हौशीराम पुढं किती वर्षं सांगत होता.

मुक्ताबाईचा कारभार वेगळाच. बडोद्याला काचेच्या पेटीत मिसर देशातलं एक हजारो वर्षांचं मढं आहे, चिंध्यांत गुंडाळलेलं. हौशीराम तिला मोठ्या हौसेनं दाखवायला घेऊन गेला. तिनं पदर तोंडावर घेतला आणि तरातरा बाहेर आली.

"मयत बघितलं. आता आंगोळ केल्याबिगर म्या अन्नाला शिवायची न्हाई."

"अगं, त्याला मरून हजारो वर्सं झाली."

"मग? अजून मातीत गेलंय का? न्हाई ना? मंग सुतक फिटलं कवा?"

 भर थंडीत दोघांनी धर्मशाळेच्या विहिरीवर अंघोळ केली, मग जेवली. जयपूरलाही एक मढं निघालं, तेव्हा हौशीरामानं आधीच पाणी तापवून ठेवायला सांगितलं होतं.

बाईला काशी करायची होती. वर्षानुवर्षं म्हणत होती आणि वर्षानुवर्षं पास दुसरीकडेच जात होता. शेवटी तिनंच शक्कल लढवली. एके दिवशी चहाचा कप पुढं सरकवत अगदी सहज बोलावं तशी बोलली, "टेशनमास्तरांच्या बाई सांगत हुत्या, काशीपल्याड सारनाथ म्हणून गाव हाय. तितं लय जुना अजबखाना हाय म्हणं. दगडाचे शिंव्ह हायेत."

हौशीरामाच्या हातातला कप तसाच राहिला. त्या वर्षी दोघं काशीला गेली. त्यानं सिंह बघितले, तिनं गंगा बघितली, आणि परत येताना गाडीत दोघंही एकमेकांवर उपकार केल्याच्या तोऱ्यात बसली होती.

पेन्शनीत निघाल्यावर हौशीराम वडिवळ्याला परत आला तो एकच मनसुबा घेऊन. कोंडाजी पाटलाला जाऊन म्हणाला, "पाटील, चावडीमागची खोली रिकामी हाय. द्या मला. गावाचा अजबखाना करतो."

कोंडाजी पाटील तसा दिलदार माणूस, पण लहरी. म्हणाला, "त्यात ठेवणार काय? आपल्या गावात अजब ते काय हाय?"

"तुमच्या आज्यांच्या बैलाची घुंगुरमाळ हाय. माळ्यावर धूळ खातीया."

पाटलाला आजाचं नाव निघालं की बरं वाटायचं. खोली मिळाली.

कपाटांचं काम लोणावळ्याच्या ताजुद्दीन मिस्त्रीनं केलं. हा रेल्वेच्या डब्यांचा सुतार, हौशीरामाचा जुना दोस्त. मोडीत काढलेल्या डब्यांच्या खिडक्या भंगाराच्या लिलावात मिळाल्या होत्या, त्याच त्यानं कपाटांना बसवल्या. चामडी पट्टा ओढला की काच वर, पट्टा सोडला की काच खाली. हौशीराम म्हणाला, "ताजुद्दीनभाई, कपाट का डबा?"

"डबाच समज," ताजुद्दीन म्हणाला. "तुझ्या वस्तू प्रवासाला निघाल्यात."

त्याच्या ह्या बोलण्यावर हौशीराम तेव्हा नुसता हसला.

गावानं वस्तू मात्र भरभरून दिल्या. विठाबाईनं सासऱ्याच्या हातची कशिदा काढलेली बैलाची झूल दिली आणि सासूचं इरलं दिलं. भिमाजीनं धान्य मोजायची लाकडी पायली दिली. अंबाजीच्या घरून काठाला कमळं कोरलेली पितळी परात आली, नथूकडची हलगी आली. पाटलाची घुंगुरमाळ मधल्या कपाटात, मानाच्या जागी. शाळेच्या मास्तरांकडून हौशीरामानं प्रत्येक वस्तूची चिठ्ठी लिहून घेतली, कुणाची, कशाची. आणि सगळ्या चिठ्ठ्यांच्या खाली एकच ओळ, हात लावू नये.

पण गावानं अजबखाना म्हणजे काय हे आपल्या परीनं समजून घेतलं होतं. पहिल्याच आवणीला, म्हणजे भातलावणीला, विठाबाई आली, पट्टा सोडला, काच खाली केली आणि इरलं काढून पाठीवर टाकलं.

"मावशे, ते ठेव. ते अजबखान्याचं हाय," हौशीराम ओरडला.

"व्हय की. अजबखान्याचंच हाय. मी कुटं माझं म्हणते? आवणी झाली की आणून देते."

"आगं, कपाटातली वस्तू वापरायची नसती."

"मंग ठेवायची कशाला?" विठाबाईनं विचारलं आणि चिखलाच्या वाटेला लागली. हौशीराम चार दिवस धुमसत होता. आवणी संपल्यावर विठाबाईनं इरलं परत आणलं, वर चार नवी पानं लावून. ते जुनं राहिलं नव्हतं म्हणून हौशीराम आणखी चार दिवस धुमसला. मग त्यानं खोलीच्या दाराला कुलूप आणलं.

आणि इकडं पाटलाची लहर फिरली. गवताचा एक व्यापारी कामशेतला आला होता. मावळचं गवत मुंबईला जायचं, ते साठवायला त्याला जागा हवी होती. चावडीमागची खोली त्याच्या नजरेत भरली. पाटील हौशीरामाला म्हणाला, "गड्या, लय झाला तुझा खेळ. इतं कोण बघायला येतं? गावातली माणसं. त्यांनी ह्या वस्तू जन्मल्यापासून बघितल्यात. एखादा मोठा माणूस मुंबईवरनं येऊन म्हणाला, की हा खराखुरा अजबखाना हाय, तर खोली तुझी. न्हाईतर दिवाळीला गवत भरणार."

हौशीरामाला त्या रात्री अन्न गोड लागलं नाही. आणि नशीब बघा, आठवड्याच्या आत मुंबईहून कार्ड आलं. तिथल्या एका मोठ्या संग्रहालयातले दिवेकर म्हणून कुणी होते. त्यांच्याकडच्या कपाटात मागं कधीतरी हौशीरामानं ठेवलेलं छोटं इरलं सापडलं, खाली वडिवळ्याचं नाव. इरलं विणणाऱ्याला भेटायला येऊ का, असं विचारलं होतं आणि इंग्रजी तारीख घातली होती. हौशीरामानं उलट टपाली कळवलं, जरूर या. गाडीची वेळही कळवली. जन्म रेल्वेत गेलेला माणूस, तारीख बघितली, टाइमटेबल बघितलं. पंचांग बघितलं नाही.

ते कळलं आदल्या दिवशी, जेव्हा गावभर बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळायला सुरुवात झाली. उद्या पोळा. बाकी मुलखात पोळा श्रावणात उरकतो म्हणून दिवेकरांना कल्पना नाही. पण मावळात पोळा भादव्याच्या अवसेला, हे हौशीरामाला कुणी सांगायला हवं होतं का? तो कपाळाला हात लावून ओट्यावर बसला. मग उठला, कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली मुक्ताबाईच्या हातात दिली.

"म्या पाव्हण्याला आणायला टेशनात जातो. कुणी बी येऊ दे, दार उघडायचं न्हाई. माझ्या गळ्याची आन."

"बरं," मुक्ताबाई म्हणाली.

दिवेकर निघाले सडपातळ, लाजाळू, छत्री काखेत धरून चालणारे. कामशेत स्टेशनापासून वडिवळ्यापर्यंतच्या वाटेत हौशीरामानं त्यांना बडोद्यापासून कलकत्त्यापर्यंत सगळे अजबखाने ऐकवले. भातं निसवली होती, वाऱ्यावर आंबेमोहोराचा वास होता, हौशीरामाचं पाऊल जमिनीवर ठरत नव्हतं. चावडीला वळसा घालून त्यानं मोठ्या ऐटीत हात पुढं केला, आणि हात तसाच राहिला. दार सताड उघडं होतं.

आत सगळ्या काचा खाली. झूल नाही, परात नाही, हलगी नाही, घुंगुरमाळेचा नुसता खिळा. कपाटांत राहिल्या होत्या फक्त चिठ्ठ्या. हात लावू नये, हात लावू नये, हात लावू नये. दिवेकरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

हौशीराम एकेका कपाटाशी जाऊन बघून आला. सगळं गेलं. इतक्या वर्षांचे पास, इतक्या वर्षांचं खूळ, सगळं ह्या माणसापुढं उघडं पडलं. गवत भरणार आता. मुक्ताबाई दारात येऊन उभी होती, तिच्याकडं त्याला बघवेना.

"मुक्ते, आन घातली हुती ना."

"व्हय, घातली हुती," ती शांतपणे म्हणाली. "पयले पाटीलच आले. म्हणाले, आज्याची माळ हाय, आज बैलाच्या गळ्यात नको? मी न्हाईच म्हणत हुते. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं वो. एकाला दिली, मंग दुसऱ्याला कशी न्हाई म्हणू? बैलाचा सण हाय." मग तिनं पाहुण्यांकडं वळून पदर सावरला. "दादा, वस्तू बघायला आलाय ना तुमी? मंग हितं काय करताय? येशीवर चला."

दिवेकरांनी छत्री भिंतीला टेकवली आणि खरोखरच तिच्यामागं निघाले. हौशीरामाला काय सुचलं कोण जाणे, त्यानं कपाटांतल्या सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि मागं धावला.

वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. हलगी कडकडत होती, ती अजबखान्याचीच, नथू घाम गाळून वाजवत होता. आणि तोरणाखालनं बैल यायला लागले. पहिला मानाचा बैल पाटलाचा, शिंगं रंगवलेली, गळ्यात ती घुंगुरमाळ. माळ्यावर आणि मग कपाटात मुकी पडलेली माळ पावलागणिक झणाणत होती. हौशीरामानं तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. एवढी वर्षं तिला जपली आणि ती कशी वाजते हे ठाऊक नव्हतं.

तो तोरणाच्या खांबाशी उभा राहिला. निळा कोट घातलेला होताच. गाडी सोडताना राहायचा तसा ताठ उभा राहून त्यानं एकेक चिठ्ठी वर धरली आणि खड्या आवाजात पुकारायला लागला. ही कोंडाजी पाटलांच्या आज्यांच्या बैलाची माळ. ही विठाबाईच्या सासऱ्यांनी कशिदा काढलेली झूल, तीन हिवाळे लागले काढायला. बैल पुढं, चिठ्ठी मागं. मध्येच विठाबाई ओरडायची, "तीन न्हाई, चार हिवाळे," आणि दिवेकर तिच्याकडं धावायचे. कमळांच्या परातीत पुरणपोळ्या होत्या, त्यातली एक बैलाच्या तोंडात गेली आणि दुसरी मुक्ताबाईनं दिवेकरांच्या हातात दिली. ती खात खातच ते बैलांमागून पळत होते, आणि लाजाळू माणूस कुठल्या कुठं गेला होता.

मिरवणूक देवळापाशी थांबली. दिवेकरांनी पाटलाच्या बैलाच्या गळ्यातल्या माळेवरून हात फिरवला. एकेक घुंगरू वेगळ्या घडणीचं होतं.

"पाटील, ही माळ आमच्या संग्रहालयाला द्या," ते म्हणाले. "मुंबईत मोठ्या काचेच्या कपाटात ठेवू. तुमच्या आजोबांचं नाव लिहू. हजारो लोक बघतील."

पाटलानं बैलाचा कासरा आवळून धरला. गडी तापलाच.

"मुंबईला कशापायी? आमच्या गावाचा अजबखाना हाय की. माळ तितं ऱ्हाती."

आणि बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. हलगी थांबली होती, सगळं गाव ऐकत होतं. मुक्ताबाईनं पदराआड हसू दाबत, अगदी मऊ आवाजात विचारलं, "मंग पाटील, गवत कुटं ठेवनार?"

"ठेवीन माझ्या गोठ्यात," पाटील म्हणाला. "आन तुमी बायकांनी माणसाला असं भर सभेत धरू नये."

गाव खदखदून हसलं, पाटीलही हसला. हौशीराम हसत नव्हता, तो डोळे पुसत होता. दिवस मावळायच्या आत सगळ्या वस्तू परत आल्या. विठाबाईनं झुलीवरचा गुलाल झटकला, नथूनं हलगी टांगली, पाटलानं माळ आपल्या हातानं खिळ्याला अडकवली आणि पट्टा ओढून काच वर केली. निघताना दिवेकर हौशीरामाला म्हणाले, "भाऊ, आमच्याकडे सगळं जागच्या जागी असतं. आज पहिल्यांदाच मला त्याचं थोडं वाईट वाटलं."

इथं गोष्ट संपली असती तरी चाललं असतं. पण पुढल्या साली भादव्याच्या अवसेला दिवेकर न बोलावता कामशेतला उतरले. ह्या खेपेला पंचांग बघून आले होते. हातात एक पिशवी. चावडीपुढं त्यांनी ती उघडली, तर कापसात गुंडाळलेली, बैलाच्या शिंगांच्या टोकांवर बसवायची पितळी शेंबीजोडी, जुनी, नक्षीची. मावळातूनच कधीकाळी कुणीतरी मुंबईच्या संग्रहालयाला दिलेली.

"वरिष्ठांना विचारून आणलीये, संध्याकाळच्या गाडीनं परत न्यायचीये," ते हळूच म्हणाले. "कपाटात बसून बसून कंटाळली असेल. मी पण काही रिकाम्या हातानं येणार नव्हतो. कुणाच्या बैलाला घालायची?"

सगळ्यांनी हौशीरामाकडं बघितलं. हौशीरामाकडं बैल कुठला? त्याच्या घरी कोनाड्यात सकाळीच मुक्ताबाईनं मातीची जोडी मांडून पुजली होती. तो नेहमीसारखा खांबाकडं सरकला, चिठ्ठ्या हातात धरून.

कोंडाजी पाटील पुढं झाला. त्यानं आपल्या मानाच्या बैलाच्या शिंगांना शेंब्या बसवल्या, बोटानं पुसून लख्ख केल्या, आणि कासरा हौशीरामाच्या हातात ठेवला.

"आजच्या दिस हा तुजा," तो म्हणाला. "चिठ्ठ्या मी पुकारतो."

हौशीरामानं चिठ्ठ्या पाटलाकडं दिल्या. त्यानं मुक्ताबाईकडं बघितलं. ती म्हणाली, "बघत काय बसलात? बैल खोळंबलाय." मग नथूची हलगी कडाडली आणि बैल विकल्यावर पहिल्यांदाच हौशीराम कासरा धरून तोरणाखालनं चालत गेला. मागून पाटील चिठ्ठी वर धरून पुकारत होता, आणि पुकारताना चुकत होता, आणि विठाबाई त्याला सुधारत होती.